एकाच खुर्चीची खोली

सोफा भिंतीला टेकवायचा की नाही, यावरून सकाळपासून घरात दोन तट पडले होते. दुपार झाली तरी सोफा खोलीच्या अधेमध्ये तसाच पडून होता, कुणाच्याच सोयीचा नसलेला. वहिनीचं म्हणणं, तो भिंतीला लावला की चालायला वाट होईल. दादाचं म्हणणं, मागचे स्पीकर कानांच्या मागे यायला हवेत; सोफाच भिंतीला चिकटला तर ते काय भिंतीत चिणायचे? अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, वरच्या मजल्यावरून सकाळी चहाला म्हणून उतरली होती ती परत गेलीच नव्हती. जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने ती मान डोलवत होती.

खरी अडचण सोफ्याची नव्हतीच. ती अण्णांच्या खुर्चीची होती, आणि खुर्चीत खुद्द अण्णा बसलेले असल्यामुळे तिचं नाव काढायची कुणाची छाती होत नव्हती. समोरच्या भिंतीशी दोन उंच लाकडी स्पीकर उभे होते. अण्णांनी ऐन उमेदीत, कारखान्यातून आल्यावर रोज थोडंथोडं रंधा मारून ते स्वतः बनवले होते. घरात त्यांना पेट्याच म्हणत. दोन पेट्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक पेटीपासून खुर्चीपर्यंत. त्या एका जागी बसलं की वाद्यं जिथल्या तिथे उभी राहतात, असं अण्णा म्हणत, आणि ती जागा एकाच माणसाची होती. खुर्ची वीतभर सरकली तरी त्यांना कळायचं.

आता ते कळत नव्हतं, आणि ही गोष्ट या घरात फक्त बेबीला ठाऊक होती.

बेबी स्वयंपाकघराच्या दाराशी हात पुसत उभी होती. वय पंचेचाळिशीला टेकलेलं, पण नाव बेबीच. दादाच्या पाठीवरची म्हणून पाळण्यात पडलं ते चिकटलं. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. आत्या त्यावर म्हणायची, "आमची बेबी जगाला दात देते, नि घरी येऊन दाताच्या कण्या करत बसते." ते खोटंही नव्हतं. अण्णांनी औषध घ्यावं म्हणून, दादाने फोन उचलावा म्हणून, आत्याने जिन्यात कपडे वाळत घालू नयेत म्हणून बेबीने आजवर इतक्या विनवण्या केल्या होत्या, की कधीकधी तिला स्वतःच्या आवाजाचाच वीट यायचा.

सोमवारी ती जाणार होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला कवळ्यांच्या विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. अण्णांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून दादा-वहिनी आपलं भाड्याचं घर सोडून इथे राहायला आले होते. कपाटं आली, भांडी आली, आणि आज हा सिनेमाचा पसारा. टीव्हीखाली ठेवायचा एक स्पीकर, मागे लावायचे दोन, जमिनीवर बसणारा एक ढब्बू डबा, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारं एक काळं यंत्र. हे प्रकरण एकदा मार्गी लागलं की दादा या घरचा झाला, आणि आपण सुटलो, असा बेबीचा होरा होता.

मध्ये फक्त तो कान होता. गेल्या थंडीत एका सकाळी अण्णांचा उजवा कान गेला. दुखला नाही, खुपला नाही; झोपेतून उठले तर नव्हताच. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. परत येताना रिक्षात अण्णांनी बेबीचा हात धरला आणि म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. दादाला तर मुळीच नाही." बेबीने हो म्हटलं. त्या क्षणी तिला वाटलं, आपण बापाची लाज राखतोय. पुढे नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तिला कळून चुकलं की हे गुपित आपल्याही पथ्यावर पडतंय. दादा पुलांची तपासणी करणारा अभियंता होता. तडे शोधण्याचाच पगार घ्यायचा. घरातही कुठे बारीकसा तडा दिसला की त्याचं एकच पालुपद असायचं, "सहा महिने थांबू." बेबीला सांगून आलेल्या शिक्षकासाठी असंच थांबायचं ठरलं होतं. तो शिक्षक काही थांबला नाही. अण्णांचा कान दादाला कळला असता तर बेबीचं जाणं राहिलंच असतं, हे ती स्वतःचं नाव जाणावं तितकं पक्कं जाणून होती.

"अण्णा, स्पष्टच बोलतो," दादा गुडघ्यांवरून उठत म्हणाला. त्याच्या गळ्यात वायरचं भेंडोळं होतं. "पेट्या मागच्या खोलीत नेऊ. खुर्चीही तिकडेच. तुम्हाला निवांत ऐकता येईल."

"मागच्या खोलीत पाण्याची मोटर आहे," अण्णा म्हणाले.

"ती काय दिवसभर चालते?"

"मी ऐकायला बसलो की चालते. आत्या वर नळ सोडते."

"मी काय मुद्दाम सोडते?" आत्या उसळली. "आणि अण्णा, तुझं ते ऐकणं चोवीस तास चालू. माणसांनी अंघोळीच करायच्या नाहीत का?"

"अंघोळीचं कुठे निघालं आता?" वहिनी दमलेल्या आवाजात म्हणाली. ती वाचनालयात काम करायची. आवाज न चढवता माणसं गप्प करायची तिला सवय होती. "अहो, तुम्ही आधी ठरवा. मला त्या सोफ्याखालचा केर काढायचाय."

बेबीने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. आपण बोललो नाही तर हे संध्याकाळपर्यंत असंच चालणार, हे तिला दिसत होतं. "दादा, पेट्या हलवायच्याच कशाला? समोरचे दोन स्पीकर म्हणून त्याच लाव. या नव्या यंत्रातून अण्णांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला एक वायर गेली की झालं. सिनेमा लावला की पेट्या सगळ्यांबरोबर वाजतील. अण्णांनी रेकॉर्ड लावली की फक्त त्या दोघी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्या पुस्तिकेत चित्र आहे. तू सकाळपासून तिने वारा घेतोयस."

आत्या खुदकन हसली. दादाने पुस्तिका उघडली, चित्र दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं, आणि आपल्याला हे आधीच माहीत होतं असा चेहरा केला. "ते ठीक आहे. पण मग अण्णांची खुर्ची मध्येच राहणार. म्हणजे सोफ्यावरच्यांनी सिनेमा काय यांच्या टकलातून बघायचा?"

"सोफा दोन तुकड्यांचा आहे," वहिनी म्हणाली. "सोडवा तो. एक तुकडा या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये खुर्ची. आणि थोडा पुढे घ्या, म्हणजे तुमचे मागचे स्पीकर मागे मावतील. मला भिंतीलगत वाट मिळाल्याशी कारण."

बेबीने वहिनीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघी एका बाजूला अशा पहिल्यांदाच आल्या असतील. वहिनीने तिची नजर टाळली आणि केरसुणी उचलली.

 पेट्या जागेवर राहणार म्हटल्यावर अण्णांनी खुर्चीचे हात सोडले, हे बेबीने टिपलं.

वायरी ओढण्यात पुढचा सगळा वेळ गेला. मागची वायर भिंतीकडेने नेण्यासाठी दादाने दोन्ही पेट्या सोडवल्या, पुढे ओढल्या आणि पुन्हा जोडल्या. एकदा त्याचं डोकं टेबलाला आपटलं. एकदा त्याने आत्यालाच वायरचं टोक धरून उभं केलं आणि विसरला. ती बिचारी बराच वेळ टोक धरून उभी होती. सगळ्यांनाच कंटाळा आला होता. या घरात कुठलंच काम आनंदाने सुरू होत नाही आणि वेळेवर संपत नाही, असं बेबीच्या मनात आलं. तिने पुन्हा चहा टाकला.

मग दादाने खुर्चीच्या जागी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एका तिवईवर छोटासा माइक ठेवला. अण्णांना त्याने दाराशी उभं केलं. "आता यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडणार आणि स्वतःच ऐकून कमी-जास्त करणार. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही."

खिडकीकडच्या पेटीतून एक आवाज निघाला, खालून वर चढत गेलेला, कुणी शीळ शिकत असावं तसा. मग टीव्हीखालून. मग दाराकडच्या पेटीतून.

आत्या खोकली.

"आत्या!"

"अरे, खोकला काय विचारून येतो?"

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आत्याने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आवाज खोलीभर फिरू लागला. वहिनीची मान खिडकीकडे गेली, मग समोर, मग दाराकडे. मागच्या स्पीकरने शीळ घातली तशी आत्याने गर्रकन वळून मागे पाहिलं. अण्णाही वळले. पण बेबी त्यांच्याकडेच बघत होती. अण्णांची मान प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा वळत होती. ते आवाजाकडे बघत नव्हते, वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि ती बघेल तिकडे बघत होते.  ज्या माणसाने डोळे मिटून वाद्यांच्या जागा सांगितल्या, तो आता सुनेच्या मानेवरून आवाज शोधत होता.

"मागून आला तो कळला ना, अण्णा?" दादाने उत्साहाने विचारलं.

"न कळायला काय झालं?"

 पार पडलं, बेबीला वाटलं. आता सिनेमा लागेल, आत्या घाबरून ओरडेल, आणि उद्याचा एक दिवस काढला की झालं.

पण दादा आज खुशीत होता, आणि खुशीतला दादा गप्प बसत नाही. "सिनेमा मग. आधी तुमची एक रेकॉर्ड लावू. पेट्या मी सोडवून लावल्यात, बघू तरी." त्याने जुना अॅम्प्लिफायर रेकॉर्डवर वळवला, खाली वाकून बटणं न्याहाळली, आणि मोठ्याने हसला. "अण्णा! अहो, रेकॉर्डचं हे मोनो दाबलंय!"

अण्णा खुर्चीत बसत होते, ते अर्धवट थबकले.

"म्हणजे काय?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे दोन्ही पेट्यांतून एकच खिचडी. डावं-उजवं वेगळं नाहीच. मग दोन पेट्या असल्या काय नि एक असली काय! जन्मभर आम्हाला पढवलंत, दोन कानांसाठी दोन पेट्या, मध्ये बोलू नका, मध्ये येऊ नका, आणि स्वतः हे असं ऐकताय? कधीपासून?"

ते बटण बेबीनेच दाबलं होतं, थंडीत, अण्णांच्या सांगण्यावरून. एका कानाच्या वाट्याला निदान सगळं यावं म्हणून. "माझाच हात लागला असेल," ती म्हणाली. "धूळ पुसताना."

"आणि यांना कळलं नाही?" दादाने बटण सोडवलं. "कमाल आहे, अण्णा. म्हातारे झालात."

रेकॉर्ड अण्णांच्या आवडीची होती, व्हायोलिन आणि पियानोची. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि खोली एकदम रुंद झाल्यासारखं वाटलं. एका बाजूला व्हायोलिन उभं राहिलं, दुसऱ्या बाजूला पियानो. केर काढायची थांबून वहिनी म्हणाली, "अगं बाई." आत्याही गप्प झाली. बेबीने हे थंडीपासून ऐकलं नव्हतं. दमलेली असूनही तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच अपराधी वाटलं.

"अण्णा, डोळे मिटा," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात लहानपणीची थट्टा होती. अण्णा मुलांना असंच करायचे: डोळे मिटवून विचारायचे, आणि उत्तर चुकलं की खोलीबाहेर काढायचे. "सांगा, व्हायोलिन कुठेय?"

"दादा, राहू दे ना," बेबी म्हणाली.

"थांब गं. सांगा, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले. आता बघायला कुणाचा चेहरा नव्हता. पण रेकॉर्ड त्यांची तोंडपाठ होती, त्यामुळे ते अडखळले नाहीत. "डावीकडे. खिडकीशी. पियानो दाराकडे."

 व्हायोलिन दाराकडून येत होतं. ते इतकं उघड होतं की आत्यालासुद्धा कळत होतं. तिने तोंड उघडलं, आणि वहिनीने तिच्या दंडावर हात ठेवला.

"पुन्हा सांगा, अण्णा," दादाचं हसू मावळलं होतं. "नीट ऐका."

"नीटच ऐकतोय. व्हायोलिन खिडकीशी. मी काय आज ऐकतोय ही रेकॉर्ड?"

बेबीची नजर पेट्यांच्या मागे गेली. लाल खुणेची वायर खिडकीकडच्या पेटीला जायची. ती आता दाराकडच्या पेटीत खोचलेली होती. दादाने पेट्या उलट जोडल्या होत्या. अण्णा रेकॉर्डबद्दल बरोबर होते, आज ती वाजत होती त्याबद्दल चूक होते. आणि हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं.

अण्णा डोळे मिटूनच बसले होते. दादा त्यांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला उभा होता. त्याने वहिनीला आणि बेबीला जवळ बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. बटण दाबलेलं कळत नाही, समोरचं कळत नाही, नि केवढ्या खात्रीने सांगतायत बघ. आमच्या साहेबांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पुढे ते मुलांनाच ओळखेनात." मग बेबीकडे वळून, "तू सोमवारचं रद्द कर. डॉक्टरांना दाखवू, तपासण्या होऊ दे. सहा महिने थांबू."

हे सगळं तो बापाच्या कानापासून हातभर अंतरावर बोलत होता, आणि बापाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. अण्णांच्या दुसऱ्या बाजूने पियानो चालू होता. त्यांचा चेहरा शांत होता. त्या शांत चेहऱ्याकडे बघून बेबीला इतका राग आला, दादाचा, अण्णांचा, स्वतःचा, की दिलेल्या शब्दाचं ओझं तिला पेलवेनासं झालं.

"डोकं चांगलं आहे त्यांचं," ती म्हणाली. "वायरी तू उलट्या लावल्यास. त्यांनी रेकॉर्डवर आहे ते सांगितलं. त्यांना कुठून काय येतं ते कळतच नाही, कारण उजव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात. थंडीपासून."

दादाने वाकून पेटीमागे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं.

"कान गेला?" आत्याने ठणठणीत आवाजात विचारलं. तिला कुजबुजता यायचंच नाही. "अगं बाई, अण्णा, तुझा कान गेला?"

अण्णांनी डोळे उघडले. ते उठले, सुई उचलली आणि रेकॉर्ड पाकिटात घालेपर्यंत कुणाकडेही पाहिलं नाही. मग म्हणाले, "सांगितलंस?"

"हो."

"नको म्हटलं होतं ना?"

"दादा तुम्हाला खुळे ठरवत होता, अण्णा."

"ठरवू दे की. खुळ्याच्या पेट्या कुणी हलवत नाही, उगाच बिथरेल म्हणून. बहिऱ्याच्या हलवतात. एका कानाच्या म्हाताऱ्याला दोन पेट्या कशाला, म्हणतात."

"कोण म्हणणार होतं असं?" दादा म्हणाला.

"तू. सकाळीच मागच्या खोलीत धाडत होतास. तेव्हा तर मला दोन कान होते."

दादा सोफ्याच्या तुकड्यावर बसला. गळ्यातलं वायरचं भेंडोळं काढायचंही त्याला सुचलं नाही. पुलांवर वरिष्ठांशी भांडणारा तो माणूस, पण बापापुढे त्याचे शब्द नेहमीसारखे अडकत होते. "अण्णा, हे सगळं मी तुमच्या पेट्या घालवायला नाही आणलं. या खोलीत एकच खुर्ची होती. तुम्ही ऐकायला बसलात की आम्ही जिन्यात. आई स्वयंपाकघरात. दार लोटलेलं. मला वाटायचं आत काय चाललंय कुणास ठाऊक. मला एकदा असं काहीतरी हवं होतं, की सगळे बसतील नि सगळ्यांना ऐकू येईल. कुणाला बाहेर जावं लागणार नाही."

अण्णांनी पाकीट कपाटात ठेवलं. ते ठेवायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. "दार लोटलेलं असायचं," शेवटी ते म्हणाले. "कडी कधी लावली नव्हती मी."

"ते आम्हाला कुठे माहीत होतं?"

 अण्णा खुर्चीत बसले. दादाने तोंडावरून हात फिरवला, आणि बापाला बोलता येत नाही ते बहिणीला बोलावं तसा बेबीकडे वळला. "आणि तू? इतके महिने? फोनवर दर वेळी म्हणतेस, सगळं ठीक आहे. त्यांनी नको म्हटलं नि तू ऐकलंस?"

बेबीला हो म्हणता आलं असतं. ते सोपं होतं, आणि निम्मं खरंही होतं. पण खोटं सांभाळायचाही तिला आता कंटाळा आला होता.

"त्यांच्यासाठी नाही लपवलं," ती म्हणाली. "सुरुवातीला त्यांच्यासाठी. मग माझ्यासाठी. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आला नसता. मग मी इथेच राहिले असते. मला जायचंय, दादा. मी थकले. अण्णांचं करून नाही थकले, थांबून थकले."



"तरीपण आता हे कळल्यावर," दादाने घसा साफ केला, "लगेच सोमवारी म्हणजे... रस्ता ओलांडायचा, गाड्या. थोडं बसून विचार करू. सहा महिने..."

"अहो, पुरे." वहिनीने केरसुणी भिंतीला टेकवली. "तुमचे सहा महिने मला माहीत आहेत. माझ्या आईला आपल्याकडे आणायचं होतं, तेव्हाही तुम्ही सहा महिने म्हणाला होतात. ती चौथ्याच महिन्यात गेली."

 हे या घरात आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मग वहिनी बेबीकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत काही माया वगैरे नव्हती. "तुम्ही मला फसवलंत, बेबीताई. घर सोडलं आम्ही. मला आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

वहिनीने खरोखर विचार केला. "नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून राग कमी होत नाही. तो राहणार. पण कपाटं वर चढवून झालीत, आणि ती पुन्हा उतरवायचं त्राण माझ्यात नाही." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "चला आत. मला सगळं दाखवा. काय करायचं, काय नाही करायचं. सोमवारी तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?"

बेबीने जाता जाता अण्णांपुढे चहाचा कप ठेवला. "अण्णा, चहा." ती डाव्या बाजूला उभी होती, त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मान वळवली नाही. ती थोडी थांबली, मग आत गेली.

स्वयंपाकघरात वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. बेबी सांगू लागली. बोलायचं ते डाव्या बाजूने. उजवीकडून जवळ जाऊन एकदम हात लावायचा नाही, दचकतात. रस्त्यात त्यांच्या उजव्या हाताला चालायचं, त्या बाजूच्या गाड्या कळत नाहीत. घंटा ऐकू येते, पण कुठली वाजली ते कळत नाही. दारावर कुणी आलं की आधी फोन उचलतात, तेव्हा हसायचं नाही. चार माणसं एकदम बोलली की त्यांना काही लागत नाही, नुसते हो हो म्हणतात. हो म्हणाले म्हणजे ऐकलं असं समजायचं नाही.

"आणखी?" वहिनीने विचारलं.

बेबीने आठवून पाहिलं. आणखी काही नव्हतं. थंडीपासून जे तिने एकटीने वागवलं होतं, ते एवढंच होतं. गॅसवरचं दूध वर यायच्या आत सांगून संपलं होतं.

"एवढंच," ती म्हणाली.

वहिनीने दुधाखालचा गॅस बंद केला आणि ती बाहेर गेली. बेबी दारात उभी राहून बघत होती. दादा पेटीमागे गुडघ्यांवर बसून वायरी अदलाबदल करत होता. अण्णांचा चहा निवत होता. ते समोर कुठेतरी बघत बसले होते. वहिनी खुर्चीच्या उजवीकडून निघाली होती, तिच्या लक्षात आलं, ती थांबली, मागून वळसा घालून डावीकडे गेली आणि थोडी वाकली.

"अण्णा," तिने हळूच हाक मारली. वाचनालयात मारतात तशी.

अण्णांनी लगेच मान वळवली. "काय गं, सूनबाई?"

"चहा गार होतोय. दुसरा आणू?"

"नको. हाच घेतो." आणि त्यांनी कप उचलला.

हेच हवं होतं बेबीला. महिनोन्महिने तिने याचीच वाट पाहिली होती, की अण्णांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हाकेला ओ द्यावी. ती मिळाली तेव्हा छातीत कळ आल्यासारखं झालं. ती मागे वळली, आपल्या खोलीत गेली, कपाटावरची बॅग खाली काढली आणि कपडे भरू लागली. डोळे वाहत होते. ते पुसायचाही तिला कंटाळा आला होता.